मागच्या पायरीवरची ओल

ही गोष्ट खरी आहे.

जिच्या बाबतीत घडली ती कौमुदी आजही बडोद्यात राहते. समा भागात, त्याच सोसायटीत, त्याच घरात. मध्ये घर विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही चांगलं होतं. ऐन वेळी कौमुदीनंच मोडता घातला. का, ते शेवटी कळेल.

ज्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही त्यांनी वाचून सोडून द्यावी. कौमुदीचाही नव्हता. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई ती. भिंतीवर डाग दिसला की आधी पाइप कुठून गेलाय ते बघणारी.

साल सत्त्याण्णव. मे महिना. वेळ दिवेलागणीची.

पण त्या संध्याकाळच्या आधी खोलीबद्दल सांगायला हवं. कारण ती खोली बांधली नसती तर काहीच घडलं नसतं...

किंवा घडतच होतं म्हणा. फक्त घराबाहेर.

कौमुदीचा नवरा विश्राम मूळचा भुसावळचा. बाजव्याजवळ रिफायनरीत नोकरी लागली म्हणून बडोद्याला आला आणि इथलाच झाला. कौमुदी इथलीच, दांडिया बाजारातल्या मराठी घरातली. लग्नानंतर दोघांनी समामध्ये हे छोटं टेनामेंट घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओट्यावर झोपाळा. मागे चोकडी, म्हणजे धुणीभांडी करायची फरसबंद उघडी जागा. स्वयंपाकघराचं दार त्या चोकडीत उघडायचं. दाराच्या एका अंगाला, भिंतीलगत, दगडाची एक रुंद पायरी होती.

दुपारी त्या पायरीवर छान ऊन यायचं.

सगळी गल्ली गुजराती. मराठी घर हे एकच.

त्यांची मुलगी कोमल तेव्हा साडेतीन वर्षांची. गोरी, बारकी, बडबडी. आणि छातीनं नाजूक. घराच्या भिंती पावसाळ्यात पाणी प्यायच्या, पोपडे धरायच्या आणि कोमलची छाती वाजायला लागायची. सूं... सूं... कौमुदी रात्र रात्र तिला उभी खांद्यावर घेऊन बसायची. पोरीचा एकेक श्वास मोजल्यासारखा ऐकायची.

"ओलीपासून लांब ठेवा हिला," डॉक्टर म्हणाले. "मोठी होईल तसं जाईल ते. पण ओल नको."

ओल नको. कौमुदीच्या डोक्यात ते दोन शब्द बसले ते बसलेच.

"अहो, मागे एक खोली काढू या," ती विश्रामला म्हणाली. "अगदी एवढीशी. पण तिच्यात ओल म्हणून शिरता कामा नये. कोमलला तिथं झोपवायचं."

"चोकडीवर?"

"हो. नळ बाजूला घेऊ. धुणं काय, मी पुढेही धुवीन."

दिवाळी झाली आणि काम निघालं. गवंडी मिळाला लक्ष्मणभाई. तोंडात तंबाखूचा मसाला, कानावर पेन्सिल, आणि बोलायला लागला की काम थांबवून बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं त्या दगडी पायरीवर हातोडी टेकवली.

"आ पगथियुं तोडी नाखुं, बेन?"

कौमुदी काही बोलायच्या आत विश्राम म्हणाला, "राहू दे, राहू दे. कसला दगड आहे बघ. त्याच्यावरच जमीन घाल. आयता पाया."

लक्ष्मणभाईनं खांदे उडवले. "जेवी तमारी मरजी, साहेब."

पायरी राहिली. तिच्याभोवती भिंती उभ्या राहिल्या. तिच्यावर जमीन आली.

मग सुरू झाली कौमुदीची ओलीशी लढाई. जोत्यावर डांबराचा थर. आतून-बाहेरून औषध घातलेला गिलावा. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि कोब्यावर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची पांढरी फरशी, बडोद्यात घरोघरी गच्चीवर असते तशी. कौमुदीनं आपले कान तुटलेले कप आणि टवके गेलेल्या बश्या हौसेनं त्यात दिल्या. मिस्तरी जेवायला गेला की ही स्वतः भिंतीवर पाणी मारायची. कुठे केसाएवढी चीर दिसली तर संध्याकाळी त्याला तिथं बोट धरून उभं करायची.

"बेन तो इन्स्पेक्टर छे," लक्ष्मणभाई विश्रामला म्हणायचा.

शेवटी स्लॅबच्या कडेनं पाळ बांधून वर पाणी भरून ठेवलं. गळतंय का ते बघायला. नेमकी तेव्हाच उतरायण आली, म्हणजे संक्रांतीचे पतंग. सगळं बडोदं गच्चीवर आणि हिच्या नव्या गच्चीवर तळं.

शेजारच्या मंजुलाबेन त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "कौमुदीबेन! पतंग चगाववाना छे के माछली पाळवानी छे?"

सगळे हसले. कौमुदीही हसली. खाली जाऊन तिनं छताला हात लावून पाहिला. कोरडं ठणठणीत.

"एक टीपुं पण नहीं आवे, बेन," लक्ष्मणभाई छातीवर हात मारून म्हणाला.

त्याचं खरं ठरलं. वरून एक थेंबही आला नाही.

होळीनंतर कोमलची गादी नव्या खोलीत गेली. पोरगी शांत झोपायला लागली. छाती वाजेना. कौमुदीलाही खूप दिवसांनी गाढ झोप लागायला लागली.

आता इथं कोमलच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. ती लक्षात ठेवा.

आपल्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. कौमुदीनं पोरीला हे बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं. "जाते नाही म्हणायचं सोन्या, येते म्हणायचं." आणि बाहेर गल्लीत कुणी जायला निघालं की सगळे हात हलवून म्हणायचे, "आवजो!" म्हणजे या, पुन्हा या. कोमलला तो शब्द भयंकर आवडायचा. दूधवाला गेला, आवजो. गाय गेली, आवजो. लाइट गेले तरी हात हलवून, "आवजो!"

विश्राम हसून लोटपोट व्हायचा. "लाइटला तरी ये म्हणते पोरगी. ऐकतील कधीतरी."

मे महिना आला. बडोद्याचा मे. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दोरीवर टाकलेली चादर काढायला जाईपर्यंत वाळलेली असते.

अशा दिवसांत नव्या खोलीच्या भिंतीवर डाग दिसला.

स्वयंपाकघराला लागून असलेली जी भिंत, तिच्यावर. आधी एक गोल, बशीएवढा. मग त्याच्या खाली एक लांबट, रुंद डाग. बोट लावलं तर बोट ओलं.



पाइप? त्या भिंतीत पाइपच नव्हता. स्लॅब? वर चढून पाहिलं, फरशी तापून भाजत होती. लक्ष्मणभाई आला, त्यानं भिंत ठोकून पाहिली, मान खाजवली. "भेज छे," ओल आहे, एवढंच म्हणाला.

"ते मला दिसतंय हो! पण आला कुठून?"

लक्ष्मणभाईनं पुन्हा भिंत ठोकली.

त्याच दुपारी कौमुदी स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. कोमल नव्या खोलीत झोपलेली. पंख्याचा आवाज येत होता.

आणि पंख्यामागून दुसरा एक आवाज...

फट्... फट्... फट्...

तिला वाटलं, बाहेर कुणी चटई झटकतंय. पण आवाज बाहेरून येत नव्हता. भिंतीपलीकडून येत होता.

हा आवाज कुठल्याही बाईला ओळखू येईल. न्हाल्यावर मान वाकवून, केस पुढे घेऊन पंचानं झटकतात ना...

तोच.

तिनं तवा तसाच टाकला आणि आत धावली. कोमल झोपलेली. बाकी कुणी नाही. फक्त खोलीत वास होता. शिकेकाईचा.

त्या घरात शिकेकाई नव्हती. कौमुदी शाम्पूच्या पुड्या वापरायची.

विश्रामला सांगितलं तर तो म्हणाला, "शेजारून येत असेल वास. तुला या ओलीचं वेड लागलंय कौमुदी."

वेड लागलं असतं तर बरं झालं असतं, असं ती आज म्हणते.

कौमुदी हार मानणारी नव्हती. तिला एक साधी चाचणी माहीत होती. डागावर प्लास्टिकचा तुकडा लावायचा आणि चारही कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. ओल भिंतीतून येत असेल तर थेंब प्लास्टिकच्या आत धरतात, भिंतीच्या बाजूला. हवेतून येत असेल तर बाहेर, आपल्या बाजूला.

तिनं दोन्ही डागांवर प्लास्टिक लावलं. सकाळी जाऊन पाहिलं.

आतली बाजू कोरडी होती.

बाहेरच्या बाजूनं पाणी ओघळत होतं. आणि प्लास्टिक भिंतीला दाबून बसलेलं होतं. कुणीतरी पाठ टेकल्यासारखं.

म्हणजे भिंत ओल सोडत नव्हती... खोलीतलं काहीतरी भिंतीला भिजवत होतं.

त्या दिवशी कोमलची छाती पुन्हा वाजली. सूं... सूं...

दोन-चार दिवसांनी कौमुदीची आई, शालिनीबाई, नातीला बघायला आल्या. येताना भाकरवडी आणली, खोली पाहिली, डाग पाहिला आणि त्यांचं ठरलेलं वाक्य बोलल्या, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा दांडिया बाजारात राहायला आला असतात तर?" मग नातीला मांडीवर घेऊन बसल्या. ऊन उतरल्यावर निघाल्या. उंबऱ्यात चपला घालताना म्हणाल्या, "येते गं, कौमे."

कोमलनं हात हलवला. "आवजो, आजी!"

मग ती वळली. घराच्या आत, नव्या खोलीकडे बघून तिनं पुन्हा हात हलवला.

"आवजो!"

"दोनदा कशाला गं?" कौमुदीनं विचारलं.

"दोघींना."

"दोघी कोण?"

कोमलनं आईकडे असं पाहिलं, जणू आईला एवढंही कळत नाही.

"आजी म्हणाली ना येते. आणि ती पण म्हणाली... येते हं."

शालिनीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लेकीला फाटकापर्यंत ओढत नेलं. "पोरीला त्या खोलीत झोपवू नकोस. आणि नीट ऐक. घाबरून उगाच कुणाला जा म्हणू नकोस. तिन्हीसांजेला तर मुळीच नाही. तो शब्द कोण ऐकेल, सांगता येत नाही."

"आई, तू पण ना!"

पण त्या संध्याकाळी कौमुदीनं कोमलची गादी उचलून मधल्या खोलीत आणली. नव्या खोलीला बाहेरून कडी घातली.

झोपताना कोमलनं बंद दाराकडे पाहून हात हलवला. "आवजो..."

सकाळी डाग स्वयंपाकघरात होता.

तसाच. वर गोल, खाली रुंद. नव्या खोलीची भिंत मात्र कोरडी.

कौमुदीनं तो फडक्यानं पुसून पाहिला.

तिनं स्वयंपाकघराचं मधलं दार बंद केलं. पुढच्या संध्याकाळी पोरगी त्या दाराला हात हलवून आवजो म्हणाली. कौमुदीनं तिचं तोंड दाबलं. पण शब्द निघून गेला होता. दोन दिवसांनी डाग मधल्या खोलीत आला.

दुपारी आवाज यायचा. फट्... फट्... रोज थोडा जवळून.

विश्रामनं चुना मारला, पंखा लावला, भिंतीसमोर कोळशाची शेगडी पेटवून ठेवली. शेगडी विझली. डाग राहिला. रिफायनरीतून आला की चपला न काढता आधी भिंत बघायचा.

आणि कोमल रोज थोडी जास्त थकत होती. डॉक्टरांनी औषध बदललं. श्वासाचा पंप दिला. "घरात ओल आहे का हो?" त्यांनी विचारलं. कौमुदीला हसावं की रडावं कळेना.

मग ती दुपार आली.

कौमुदी कपडे काढायला गच्चीवर गेली होती. मंजुलाबेन त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. बडोद्यात जन्म गेलेली बाई, मोडकंतोडकं मराठी हौसेनं बोलायची.

"कौमुदीबेन, तुमची ती बाई आता नाय येत?"

"कुठली बाई?"

"अरे, पेली! मागे पगथिया उपर बसायची ते. रोज दुपारी. केस सुकवायला. लांबा केस, एकदम इथपर्यंत." त्यांनी स्वतःच्या कमरेखाली हात नेला. "तुम्ही आले तेव्हा मला वाटलं, तुमचीच नणंद-बिणंद असेल. मराठी बोलायची ना."

कौमुदी कपडे तसेच टाकून कठड्याशी आली.

"तुमच्याशी बोलायची?"

"फार नाय. ऊन गेला के उठायची. मी गच्चीवरून म्हणायची, आवजो बेन! ते हसून म्हणायची... येते हं."

"कधीपासून यायची?"

"तुम्ही आले त्याच्या पहेला पण." मंजुलाबेननी पापड उलटला. "खोली बांधली तेव्हापासून दिसली नाय. बिचारी. आता केस कुठे सुकवणार?"

कौमुदी जिना उतरली.

ती बाई कुठे गेलीच नव्हती. ती रोजच्या जागी बसलेली होती. मागच्या पायरीवर, भिंतीला ओलं डोकं आणि ओली पाठ टेकून. यांनी तिच्याभोवती भिंती उभ्या केल्या. वर स्लॅब घातला. डांबर, औषध, कोबा, फरशी... बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं.

आणि तिचं ऊन काढून घेतलं.

आता केस वाळत नव्हते.

आणि जो तो तिला म्हणत होता, या. मंजुलाबेन म्हणत होत्या. कोमल म्हणत होती. एवढ्या वर्षांत तिला कुणीच जा म्हटलं नव्हतं. बोलावतील तशी ती आत आत येत होती.

त्या संध्याकाळी विश्राम सेकंड शिफ्टला होता.

दिवेलागण झाली. कौमुदीनं कोमलला पुढच्या खोलीत झोपवलं होतं. ती शेवटची खोली. त्यापुढे ओटा आणि रस्ता. पोरीच्या छातीतून शीळ ऐकू येत होती. श्वास घेताना गळ्याजवळ खळगा पडत होता.

कौमुदी पंप आणायला मधल्या खोलीत गेली. परत आली...

कोमलच्या उशाची भिंत ओली झाली होती.

वर गोल. खाली रुंद.

फट्... फट्...

आवाज त्याच खोलीत. अगदी पलंगाजवळ. कौमुदीच्या गालावर पाण्याचे दोन शिंतोडे उडाले. गार.

घर संपलं होतं. पलंग न्यायला आता एकही भिंत उरली नव्हती.

आईनं सांगितलेलं तिला आठवलं. आठवूनही ती बोललीच. भिंतीसमोर हात जोडले आणि ओरडली,

"जा! पाया पडते तुझ्या, पण जा इथून! जा!"

फट्...

आवाज थांबला.

शिकेकाईचा वास विरला. तिच्या डोळ्यांदेखत डाग कडांनी आक्रसायला लागला. वाळूत पाणी जिरावं तसा. कौमुदी बघत राहिली. शेवटचा ठिपका गेला तेव्हा ती हमसून रडली. मग डोळे पुसले आणि पलंगाकडे वळली.

पलंग रिकामा होता.

पुढचं दार उघडं होतं. उंबऱ्यातल्या छोट्या चपला नव्हत्या.

"कोमल!"

ती अनवाणी धावली. फाटक उघडं. गल्लीत कुणी नाही. मंजुलाबेन आपल्या झोपाळ्यावर बसून भाजी निवडत होत्या.

"कोमलला पाहिलंत?"

"हा, आत्ता तर गेली. ती बाई आली ना परत! तिचं बोट धरून गेली." मग कौमुदीचा चेहरा पाहून त्या उठून उभ्याच राहिल्या. "केम? शुं थयुं? मला वाटलं फिरायला जाते. मी म्हटलं पण... आवजो!"

कौमुदी गल्लीच्या टोकापर्यंत धावली. डावीकडे मोठा रस्ता, रिक्षा, स्कूटर. उजवीकडे मोकळं मैदान. पोर कुठेच नव्हतं. तिनं जा म्हटलं होतं ते भिंतीला, पण पोरीच्या उशाशी उभं राहून. झोपेत का होईना, पोरीनं ऐकलं होतं. आईचं ऐकते ती. शहाणी आहे.

गल्लीच्या मधोमध उभी राहून कौमुदी जिवाच्या आकांतानं ओरडली,

"ये! कोमल, ये! परत ये गं!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली.

मग तिच्याच घरातून, अगदी मागून कुठूनतरी, बारीक आवाज आला.

"आई... आम्ही आलो."

मंजुलाबेन आणि कौमुदी दोघी धावत आत गेल्या. आवाज नव्या खोलीतून येत होता. खोलीला बाहेरून कडी तशीच होती. कौमुदीनंच घातलेली.

कडी काढली.

कोमल जमिनीवर बसली होती. खाली पायरी गाडली आहे, त्याच जागेवर. भिंतीला पाठ टेकून, पायात चपला. छाती वाजत नव्हती. श्वास अगदी शांत.

केस ओले होते. मधोमध सरळ भांग पाडून दोन वेण्या घातलेल्या. वेण्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं... टप्... टप्...

कौमुदीनं तिला उराशी धरलं. "कुठं गेली होतीस?"

"तू जा म्हणालीस ना? म्हणून गेलो." कोमल जांभई देत म्हणाली. "मग मंजुलामासी म्हणाली आवजो. मग तू पण म्हणालीस ये. म्हणून आलो."

तिच्या पाठीमागे भिंतीवर डाग होता.

वर गोल. खाली रुंद.

मंजुलाबेन दारातूनच मागे फिरल्या. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी कुणालाच आवजो म्हटलं नाही. नुसती मान हलवायच्या.

पुढच्याच आठवड्यात विश्रामनं लक्ष्मणभाईला बोलावून सांगितलं, स्लॅबला मधोमध भोक पाड. मोठं. ऊन खाली, या भिंतीपर्यंत आलं पाहिजे.

लक्ष्मणभाईच्या तोंडातला मसाला गळायचा राहिला. "साहेब, आटलुं वॉटरप्रूफिंग कर्युं, ने हवे काणुं?"

"पाड."

तो पाडत नाही म्हटल्यावर विश्रामनं स्वतः छिन्नी घेतली. आदल्या दुपारी तो घरी होता. पंख्यामागचा आवाज त्यानंही ऐकला होता.

सोसायटीत लोक अजून हसतात. ओल येऊ नये म्हणून खोली बांधली आणि छताला भोक पाडून बसले, म्हणतात. पावसाळ्यात त्या भोकातून धो धो पाणी येतं. खोलीत कुणी झोपत नाही. पण ऊन असलं की दुपारी भिंतीवर चौकोन पडतो, आणि डाग फिका होतो. घरात आणखी कुठे जात नाही. कोमलची छाती त्यानंतर कधी वाजली नाही.

घर विकलं तर नवा मालक पहिल्यांदा ते भोक बुजवेल. मग ती कुठे जाईल?

बोलावलंय तिला. भर गल्लीत, जिवाच्या आकांतानं. कौमुदीनं स्वतः.

कोमल आता मोठी झाली आहे. वाघोडियाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी करते. तिला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही. रोज सकाळी स्कूटीची किल्ली फिरवत उंबऱ्यात उभी राहते.

"आई, येते गं."

कौमुदी काही बोलत नाही.

"एकदा तरी ये म्हण की!" कोमल हसते. "सगळ्यांच्या आया म्हणतात."

कौमुदी ओठ घट्ट मिटून उभी राहते. जा म्हणता येत नाही. ये म्हणता येत नाही. नुसता हात हलवते.

फाटक वाजतं. स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरतो. आणि मग पाठीमागून, घरातून, शिकेकाईचा वास येतो...

"मीपण येते हं."

दिवसभर ती भिंत कोरडी असते.

संध्याकाळी घंटी वाजते. बाहेरून कोमलचा आवाज येतो. लहानपणापासूनची सवय, कितीदा सुधारलं तरी जात नाही. सगळ्या मुली 'आले' म्हणतात. ही म्हणते,

"आई, आलो!"

कौमुदी दार उघडते आणि बाजूला सरकते.

दोघींना आत येता येईल एवढी.